पाठीवरचं बिऱ्हाड : पाटागोनियाचा वारा

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ४७, सरकारी नोकरी. पुढच्या जानेवारीत मुलीसोबत चिलीच्या दक्षिणेला, पाटागोनियातल्या तोरेस देल पाइने उद्यानात ‘डब्ल्यू’ ट्रेक (नकाशावर W अक्षरासारखी दिसणारी पायवाट) करायचं ठरलं आहे. आपण ४६ अंशांत वाढलेली माणसं, तिथली थंडी सोसेल का हीच धाकधूक. उणे २० अंशांची स्लीपिंग बॅग आणून ठेवली आहे. आणखी काय घेऊ?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, ती बॅग दुकानदार परत घेत असेल तर आजच देऊन या. जानेवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. दिवसा १०-१५ अंश, रात्री चार-पाच. उणे पाचची बॅग भरपूर झाली.

घाबरायचंच असेल तर वाऱ्याला घाबरा. ५१ अंश दक्षिणेला पश्चिमेच्या वाऱ्याला अडवायला समुद्रात जमीनच नाही. तो थेट येऊन डोंगरांवर आदळतो, आणि ताशी १०० किलोमीटरच्या वर जाणंही त्याला नवीन नाही. बरं, उन्हाळ्यात त्याचा जोर आणखीच. आपल्याकडे मे महिन्यात वावधान सुटतं, टिना उडतात, पण तासाभरात निवतं ना? तिथे ते दिवसभर चालतं.

मी गेले तेव्हा ५६ वर्षांची होते. ग्रे हिमनदीच्या वाटेवर, तलाव दिसतो त्या उघड्या कड्याशी, सॅकचं रेनकव्हर फडफडलं आणि गेलं. निळा ठिपका होऊन तलावाकडे गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण उभं राहता येत नव्हतं म्हणून खाली बसले होते. मागून आडवा पाऊस. कपडे वाचले ते गव्हाच्या पोत्यात आतून असते तसल्या जाड पॉलिथिनच्या पिशवीमुळे. निघताना आमच्या किराणावाल्याकडून मागून आणली होती, फुकट. तेव्हा रेनकव्हरवर पैसे घालू नका, सॅकला आतून पिशवी लावा. सुती बनियनसुद्धा नको, भिजलं की वाळत नाही, आणि ओल्या अंगाला वारा लागला की दहा अंशांतही दातखीळ बसते. दोन काठ्या मात्र घ्याच. झोत आला की चालायचं नाही, काठ्या रोवून खाली बसायचं. मुलगी हसेल, हसू द्या.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा, म्हणजे ग्रेपासून सुरुवात आणि तोरेसचे सुळके शेवटी. वारा बहुतेक पाठीशी राहतो. साधारण ८० किलोमीटर, पाच दिवस. तंबू नागपूरहून न्यायची गरज नाही, मुक्कामांवर उभारलेले भाड्याने मिळतात. महाग आहेत, पण वाऱ्यात तंबूच्या दांड्या जुळवण्यापेक्षा स्वस्तच म्हणेन मी. जागा मात्र आधीच आरक्षित करा. ठरलेल्या मुक्कामांखेरीज कुठेही राहता येत नाही.

सराव? आपलं गाव सपाट, हीच अडचण. रविवारी १२ किलो पाठीवर घेऊन रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या चढा-उतरा. उतरण्यावर जास्त लक्ष द्या, गुडघे तिथेच बोलतात. दिवाळीनंतर एकदा पचमढीला धूपगड करून या.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. तिकडे जाताना घरचं खाणं नेता येईल का? शेगडी नेऊ का?
– एक गृहिणी, धंतोली

उत्तर : भाजलेले पोहे, मेतकूट असं नेलं तरी उतरल्यावर फॉर्ममध्ये ‘हो, खाद्यपदार्थ आहेत’ असंच लिहा. ठेवायचं की नाही ते अधिकारी ठरवतील. लपवलं तर दंड. ताजी फळं, बिया, मध यांचा तर विचारच सोडा, तिथली शेती-खात्याची तपासणी फार कडक आहे. माझ्या वन्संनी निघताना प्रेमाने अंबिया बहाराची संत्री सॅकमध्ये कोंबली होती. विमान सान्तियागोला उतरायच्या तासभर आधी आठवण झाली. पाच संत्री एका बैठकीत खाल्ली, सहावं शेजारच्या आजींना दिलं. सालं विमानातल्या कचऱ्यात.

गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो पुएर्तो नातालेसला विकत घ्या. तिथूनच उद्यानाची बस सुटते. आणि चूल फक्त मुक्कामावर नेमून दिलेल्या जागीच पेटवायची. वाटेत चहाची तल्लफ आली तरी नाही. २०११च्या डिसेंबरात माणसाच्या हातून लागलेल्या आगीत तिथलं सुमारे १७ हजार हेक्टर जळालं. पेहोए तलावाकडे जाताना त्या वेळची पांढरी वाळकी झाडं अजून उभी दिसतात. चहा थर्मासात भरून घ्या.