खंडणी : मागणाऱ्याची आणि भरणाऱ्याची

एका वाचकाने विचारले आहे की, बायबलातल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील ४५व्या वचनात मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, आपला जीव पुष्कळांच्या मुक्तीसाठी ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला असे म्हटले आहे; तर वर्तमानपत्रांतल्या ‘खंडणीखोर’ या शब्दाशी त्याचे नाते काय, ही खंडणी नेमकी कोणाला दिली, आणि आता त्या जागी ‘मुक्तिमूल्य’ असा एखादा सोवळा शब्द घालणे बरे नव्हे काय?

शब्दात काहीही खोट नाही. खोट आहे ती अलीकडच्या वापरात. दुकानदाराकडून उकळलेला हप्ता, मांडवासाठी दमदाटी करून घेतलेली वर्गणी, बांधकाम अडवून मागितलेली रक्कम, या सगळ्यांना सरसकट ‘खंडणी’ म्हणण्याची सवय बातम्यांनी लावली. कायद्याच्या मराठी पाठात या गुन्ह्यासाठी ‘बलाद्ग्रहण’ हा शब्द आहे. तो बोजड म्हणून कोणी उच्चारत नाही, आणि त्याचा सगळा भार ‘खंडणी’च्या डोक्यावर येतो. पण याहून मला सलते ते व्यासपीठावरून ऐकू येणारे विवरण : सैतानाने माणसांना ओलीस धरून खंडणी मागितली आणि देवाने ती निमूटपणे पोहोचती केली. बातमीतला अर्थ शास्त्रात, म्हणजे बायबलात, घुसवला की देव हप्ता देणारा होतो आणि सैतान तो घेणारा हक्कदार! शास्त्रात असे एकही वचन नाही.

आधी मराठी शब्द पाहू. ‘खंड’ म्हणजे तुकडा हा अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, तो सोडून देतो. पाहायचे ते ‘खंडणे’ हे क्रियापद. खंडणे म्हणजे तोडणे, आणि त्यावरूनच रक्कम तोडून ठरवणे, मुकर करणे. शेतजमीन ‘खंडाने’ देतात तेव्हा पीक किती आले याची वाट न पाहता ठरलेली रक्कम घ्यायची असते. नगर जिल्ह्यातल्या ‘खंडकरी’ शेतकऱ्यांचा लढा अनेकांना आठवत असेल. साखर कारखान्यांनी ज्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या ते हे शेतकरी. मराठेशाहीच्या कारभारात चौथ आणि खंडणी हे शब्द जवळजवळ वावरतात, पण चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि खंडणी म्हणजे बोलणी होऊन तोडून ठरलेला आकडा. तो आकडा भरला की दावा मिटतो. ‘तंटा तोडणे’ म्हणजे तंटा वाढवणे नव्हे, निकालात काढणे. तीच ही तोड.

आता मूळ ग्रीक शब्दाकडे येतो, कारण सांगण्यासारखे खरे तिथे आहे. मार्कातला शब्द ‘लुत्रोन’ असा आहे. नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या उत्तरार्धात, तो फक्त दोनदा येतो, इथे आणि मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या याच वाक्यात. ‘लुओ’ म्हणजे सोडणे, मोकळे करणे. त्याला साधनवाचक ‘त्रोन’ हा प्रत्यय लागून ‘सोडवण्याचे साधन’ असा शब्द झाला. हा प्रत्यय आपल्या घरचाच आहे. ‘पात्र’, ‘शस्त्र’, ‘नेत्र’ यांतला ‘त्र’ तोच. धातूही परका नाही. संस्कृतात ‘लू’ म्हणजे कापणे, ‘लुनाति’ म्हणजे कापतो. ज्या ‘लवलेश’ शब्दाचा आपण रोज उपयोग करतो त्यातला ‘लव’ म्हणजे कापून निघालेला कण. आणि पाणिनीने तिसऱ्या अध्यायात ज्या मोजक्या धातूंना साधनार्थी ‘इत्र’ प्रत्यय सांगितला आहे त्यांत हा ‘लू’ आहे. त्यावरून ‘लवित्र’ म्हणजे कापण्याचे हत्यार, विळा, हा शब्द सिद्ध होतो. म्हणजे गालीलातल्या गुरूच्या तोंडी ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या लेखकाने घातलेला ‘लुत्रोन’ आणि आपल्या शेतातले ‘लवित्र’ हे एकाच धातूचे आणि एकाच प्रत्ययकुळाचे शब्द आहेत. एकात सोडणे आणि दुसऱ्यात कापणे, एवढ्या फरकामुळे ज्यांना या नात्याची शंका येते त्यांनी दाव्याला बांधलेले जनावर डोळ्यांपुढे आणावे. दावे कापले की ते सुटतेच.

माझे म्हणणे याच्याही पुढचे आहे. ज्यांनी लुत्रोनसाठी ‘खंडणी’ हा शब्द योजला त्यांनी, जाणून असो वा नसो, कापण्याच्याच अर्थाचा मराठी धातू उचलला. खंडणे आणि लू, खंड आणि लव, ही जोडी अर्थाने तंतोतंत जुळते. शेजारच्या हिंदीतला रूढ अनुवाद याच वचनात ‘छुड़ौती’ म्हणतो. त्यात सुटका आहे, पण तोडून ठरलेली रक्कम नाही. मराठी शब्दात दोन्ही आहे. शिवाय इब्री (हिब्रू) भाषेत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात अब्रामाशी करार होतो तेव्हा जनावरे मधोमध चिरून ठेवलेली असतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू प्याला देतो आणि हे माझे कराराचे रक्त, पुष्कळांसाठी ओतले जाणारे, असे म्हणतो (मार्क १४:२४). ‘पुष्कळ’ हा शब्द खंडणीच्या वचनातही आहे आणि यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५३व्या अध्यायातल्या दुःखी सेवकाच्या वर्णनातही. ही तीन स्थळे एकत्र वाचल्याशिवाय खंडणीवर बोलूच नये, असे माझे ठाम मत आहे.

इथे आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाशी माझा वाद आहे. १९०८मध्ये त्याने ग्रीसमधल्या डेल्फी या अपोलोच्या देवस्थानातल्या शिलालेखांवर बोट ठेवले. तिथे गुलाम अपोलो देवाला ‘विकला’ जाई आणि त्या विक्रीने स्वतंत्र होई. नव्या करारातली पत्रे लिहिणाऱ्या पौलाच्या मनात हेच चित्र होते, असे डाइसमान मांडतो आणि पुष्कळ भाष्यकार ते आजही गिरवतात. ‘तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात’ या करिंथकरांस लिहिलेल्या शब्दांना बाजारातल्या व्यवहाराचा वास आहे, हे मला मान्य आहे. पण डेल्फीत पैसे कोणाचे असत? खुद्द गुलामाचे. त्याने पै पै साठवायची, देवाच्या नावावर ती मालकाला मिळायची, आणि देवाच्या पदरचे काहीही जायचे नाही. शुभवर्तमानात नेमके उलटे आहे : सुटणाऱ्याकडे द्यायला काही नाही, आणि सोडवणारा स्वतःच दिला जातो. ज्या दाखल्यात मुख्य बाबच उफराटी आहे त्याला उगम म्हणणे हा उतावीळपणा आहे.

उगम शोधायचा तर जुन्या करारात, म्हणजे बायबलाच्या पूर्वार्धात, शोधावा. तिथे तीन शब्द आहेत. ‘कोफेर’ म्हणजे जिवाच्या बदल्यात दिलेला मोबदला. निर्गमाच्या २१व्या अध्यायात मारका बैल मोकळा सोडून माणूस दगावला तर मालकाचा जीव जाण्याऐवजी ठरवून दिलेला कोफेर भरता येतो. ३०व्या अध्यायात शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने जिवाबद्दल अर्धा शेकेल (चांदीचे एक वजन) द्यायचा, श्रीमंताने जास्त नाही आणि गरिबाने कमी नाही. तोडून ठरवलेली रक्कम म्हणतात ती ही. मात्र जाणूनबुजून खून करणाऱ्याच्या जिवाबद्दल कोफेर घ्यायचा नाही, असे गणनेच्या ३५व्या अध्यायात बजावले आहे. दुसरा शब्द ‘गोएल’, म्हणजे जवळचा नातलग. भाऊबंद कंगाल होऊन परक्याला विकला गेला तर त्याला सोडवण्याचा हक्क आणि कर्तव्य या नातलगाचे (लेवीय २५). रूथच्या गोष्टीतला बवाज हा असाच नातलग. तिसरा शब्द ‘पादा’, सोडवणे, आणि मिसरातून (इजिप्तमधून) इस्राएलाला बाहेर काढण्यासाठी ‘अनुवाद’ नावाचा ग्रंथ हाच शब्द पुन्हापुन्हा वापरतो.

आता वाचकाचा दुसरा प्रश्न : खंडणी मिळाली कोणाला? मिसराचेच पाहा. देवाने आपले लोक सोडवले, पण फारोच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, हातावर एक कवडीही टेकवली नाही. यशयाच्या ५२व्या अध्यायात तर स्पष्टच आहे की, तुम्ही फुकट विकले गेलात आणि पैशावाचून सोडवले जाल. सोडवण्यात किंमत आहे, पण वसूल करणारा धनी नाही, ही बायबलची बोलण्याची रीत आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने खंडणी देवाला तर नाही, मग त्या दुष्टाला, म्हणजे सैतानाला, असेल काय, अशी वाट काढली. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने ख्रिस्ताचे दैवीपण देहाच्या आमिषाआड दडलेला गळ होते आणि सैतान त्याला लागला, इथपर्यंत मजल मारली. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने यावर संतापाने विचारले की, लुटारूलाच खंडणी, आणि तीही साक्षात देव, हा केवढा अपमान! आणि पित्याला म्हणावे तर आपण त्याच्या कैदेत होतोच कुठे? आपल्या वाचकाला जे खटकले ते या बिशपाला सोळाशे वर्षांपूर्वी खटकले होते, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे १०९८मध्ये कँटरबरीच्या आन्सेल्मने देवाच्या मानाची भरपाई असा वेगळा उलगडा केला. त्याच्यामागे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण मार्काच्या वाक्यात मानाचा उल्लेख नाही, सैतानाचाही नाही. घेणाऱ्याचे नाव वाक्यात नाही, आणि ते भरून काढण्याचा अधिकार भाष्यकाराला नाही.

वाक्यात जे आहे त्याकडे मात्र डोळेझाक होते. ग्रीकमध्ये ‘लुत्रोन’नंतर ‘अंती’ हे अव्यय आहे, म्हणजे ‘पुष्कळांच्या बदली’. मराठीत ‘पुष्कळांच्या मुक्तीसाठी’ झाले. ‘मुक्ती’ हा शब्द मुळात नाही आणि ‘बदली’ मात्र गळून पडली. दुरुस्ती करायची असेल तर ती इथे करा, ‘खंडणी’ला हात लावू नका. दुसरे, हे वाक्य ज्या प्रसंगात आले तो पाहा. याकोब आणि योहान वैभवात उजवीडावीकडची आसने मागतात, बाकीचे दहा चिडतात, आणि येशू म्हणतो की परराष्ट्रीयांचे सत्ताधीश लोकांवर अधिकार गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. आणि मग मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नव्हे तर करायला आला, आणि जीव द्यायला. सत्ताधीश प्रजेकडून काय घेतात? मराठी वाचकाला ‘खंडणी’ म्हटले की क्षणात कळते. ज्या राजाने ती घ्यायची तो इथे स्वतः तीच होऊन दिला जातो. ग्रीक शब्द मुख्यतः युद्धकैद्यांच्या आणि गुलामांच्या सुटकेचा, त्यात ही छटा इतकी उठून दिसत नाही. मराठीत ती शब्दातच आहे.

‘मुक्तिमूल्य’ घालू पाहणाऱ्यांनी इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय प्रचलित मराठी शास्त्रात सलग वाचावा. सातव्या वचनात त्याच्या रक्ताच्या द्वारे खंडणी भरून मिळवलेली मुक्ती, आणि चौदाव्यात पवित्र आत्मा म्हणजे आपल्या वतनाचा विसार. खंडणी, वतन, विसार : सगळे जमीनजुमल्याचे, देण्याघेण्याचे, गावकऱ्याच्या तोंडचे शब्द. विसार दिला की सौदा पक्का, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पौल शिकवावा लागत नाही. यांतला एक शब्द उपटून तिथे पुस्तकी जोडशब्द रोवला तर उरलेले दोन पोरके होतात. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही ख्रिस्ताने नियमशास्त्राच्या शापापासून आपल्याला खंडणी भरून सोडवले असे आहे. ‘भरून’ हे क्रियापद तिथे मुद्दाम आहे. खंडणी मागणारा आणि खंडणी भरून सोडवणारा यांच्यात गुन्हेगार आणि तारणारा एवढे अंतर आहे, आणि शास्त्र नेहमी भरणाऱ्याबद्दलच बोलते.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:६) ख्रिस्ताने सर्वांसाठी ‘मुक्तीचे मोल’ म्हणून स्वतःला दिले असे मराठी आहे, त्याचा आधार घेऊन कोणी मला अडवेल. तिथला ग्रीक शब्द ‘अंतिलुत्रोन’ आहे. लुत्रोनला ‘बदली’ जोडून केलेला, मार्काच्या वाक्याचा जणू प्रतिध्वनी. तो प्रतिध्वनी मराठीत ऐकू येत नाही, कारण दोन ठिकाणी दोन शब्द झाले. माझ्या मते बदल तिथे हवा : सर्वांच्या बदली खंडणी. आणि ४९व्या स्तोत्रात भाऊ भावाला कोणत्याही उपायाने सोडवू शकत नाही, त्याच्या जिवाचा कोफेर फार भारी आहे, असे म्हटले आहे, तर काही ओळींनंतर देव माझा जीव अधोलोकाच्या हातून सोडवील असे आहे. मार्काच्या आठव्या अध्यायात येशूने विचारलेला प्रश्न, माणूस आपल्या जिवाचा मोबदला काय देणार, याच स्तोत्राच्या अंगाने जाणारा आहे. आणि दोन अध्यायांनंतर त्याचे उत्तर खंडणीच्या वचनात येते.