नागपूरकरांनो, जैसलमेरला तितर बघायचाय ना?

जवळच्या सम गावच्या उंच वाळूच्या टेकड्यांवर शोधू नका, तिथं उंट अन् जीपची गर्दी. राखी तितर काटेरी झुडपांत, शेताच्या कडेला असतो. हिवाळ्यात तिथं सूर्य नागपूरपेक्षा अर्ध्या तासाहून उशिरा उगवतो, त्या हिशेबानं गजर लावा.

आधी कान द्या: ‘कटीतर-कटीतर’, खणखणीत. नवखा लगेच आवाजाकडे धावतो, अन् तितर न उडता झुडपाआडून पळून जातो. म्हणून जागीच दहा मिनिटं बसा. ८x४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे, कॅमेरा नंतर. फिकट गळा, भोवती बारीक काळी रेघ, अंगावर आडवे पट्टे: तोच.

मोबाईलवर आवाज वाजवून बोलावू नका; नर हद्द राखायला धावतो, उगाच दमतो.

जाण्याआधी नागपूरच्याच गोरेवाड्यात दोन सकाळी सराव करा, हाच पक्षी तिथंही आहे.