हलगी आधी दिसते, मग ऐकू येते
वाचकांचे प्रश्न : आवाज आणि चित्र

प्रश्न (कागल) : काका, गावच्या शाहिरांचा 48 मिनिटांचा पोवाडा चित्रित केला. मोबाइल मांडवाच्या टोकाला, साधारण 25 मीटरवर स्टँडला लावला होता. आवाज शाहिरांच्या पुढ्यातल्या वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. रीपर या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डरचा आवाज मोबाइलच्या आवाजाशी जुळवला. सुरुवात बरोबर वाटते, पण शेवटाला तो मोबाइलच्या आवाजापेक्षा चार फ्रेम मागं पडतो. हलगीवर काडी पडलेली आधी दिसते, ठोका मागून येतो. दर पाच मिनिटांनी आवाज कापून पुढं ओढतोय, तर कापल्या जागी ठेका लंगडतो. नवा रेकॉर्डर घेऊ का?

उत्तर : पैसे खिशातच ठेव. मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीवर कुणीही ‘सिंक गेलंय’, म्हणजे आवाज-चित्राचा मेळ सुटलाय, म्हणत आलं की मी एकच विचारतो : फरक पहिल्यापासून तेवढाच आहे, की वाढत चाललाय? तेवढाच असेल तर आवाज सरकवायचा आणि चहाला जायचं. वाढत असेल तर दोन्हींची चाल वेगळी आहे, तिथं कितीही सरकवून भागत नाही. तुझ्याकडं दोन्ही भानगडी आहेत.

आधी वाढणारी बघू. 30 फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची, म्हणजे चार फ्रेमचे 133 झाले. 48 मिनिटांचे सेकंद 2880. भागाकार केलास तर लाखात साडेचारच्या आसपास चूक निघते. एवढी चूक म्हणजे दोन यंत्रांतल्या घड्याळांचा फरक. प्रत्येकात क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि कुठलेही दोन स्फटिक अगदी एका चालीनं चालत नाहीत. हाच फरक तीन सेकंदांच्या घरात असता तर मी रेकॉर्डरकडं बघितलंही नसतं. हजारात एक चूक म्हणजे कुणीतरी सेकंदाला 30 फ्रेम आणि 29.97 फ्रेम यांत घोळ घातला, हे बिनचूक समजायचं.

कात्री लावायची नाही. आधी मोबाइलची फाइल हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (दर सेकंदाला सारख्याच फ्रेम) करून 30 वर काढ. उजेड कमी झाला की बरेच मोबाइल आपल्या मर्जीनं फ्रेम कमी करतात आणि मग टाइमलाइनवर मोजलेलं काहीच खरं राहत नाही. पोवाडा संध्याकाळचा होता ना? मग हे आधीच. त्यानंतर पहिला ठोका पहिल्या ठोक्यावर बसव. आवाजाची क्लिप शेवटच्या ठोक्यावर छाट, ऑल्ट दाबून उजवा काठ धर आणि मोबाइलच्या आवाजातल्या त्याच ठोक्यावर आणून ठेव. मधलं सगळं आपोआप बसतं. मागं उरलेला टाळ्यांचा तुकडा नुसता सरकवून जोड.

क्लिपच्या सेटिंगमध्ये पट्टी राखण्याची खूण असते, ती काढून टाक. पट्टी बदलेल ही भीती सोड. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरले तर इथं एका सेंटचा दहावा भागसुद्धा हलत नाही. उलट ती खूण ठेवलीस तर हलगीच्या ठोक्याची धार बोथट होईल.

आता दुसरी भानगड. तुझी सुरुवात नुसती बरोबर वाटते, बरोबर नाही. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. 25 मीटर यायला त्याला 70-72 मिलिसेकंद लागले, म्हणजे मोबाइलचा स्वतःचाच आवाज त्याच्या चित्रामागं दोन फ्रेम होता. त्याच्याशी जुळवलंस, तर तोच उशीर तुझ्या चांगल्या आवाजाला चिकटला. सुरुवातीला खटकलं नाही, कारण मागून येणाऱ्या आवाजाची कानाला जन्मापासून सवय आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आकडे आहेत : आवाज 45 मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला कळतं, मागं मात्र 125 पर्यंत कळत नाही. शेवटाला तुझे 72 अधिक 133 झाले, 200 च्या वर गेले, म्हणून काडी उघडी पडली. तेव्हा काठ ओढून चाल जुळवून झाली की सगळा आवाज दोन फ्रेम पुढं, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडं घे.

पुढच्या वेळी शाहिरांना विनंती कर, सुरू करताना आणि संपल्यावर एकेक टाळी रेकॉर्डरजवळ, कॅमेऱ्याला दिसेल अशी. 1929 साली ‘प्रभात’ ज्या गावात सुरू झाली त्या कोल्हापूरकरानं क्लॅप विसरावी, हे काय मला पटत नाही. मी पोरवयात दुसऱ्या कशाला नाही, क्लॅपची फळी धरायलाच कामाला लागलो होतो.

प्रश्न (राजारामपुरी) : मी गाण्याच्या शिकवण्या घेते. ट्रॅक ऐकत गाते, व्हिडिओ करते. ताल माझा पक्का आहे, तरी रेकॉर्डिंगमध्ये आवाज दरवेळी तेवढाच मागं येतो.

उत्तर : ताई, हेडफोन बिनवायरचा आहे का? चिठ्ठीत लिहिलं नाहीत, पण मी पैज लावतो. ब्लूटूथला ट्रॅक कानापर्यंत आणायला सेकंदाचा पाचवा भागही लागतो. तुम्ही कानातल्या तालावर बरोबर गाता, पण तो तालच शिळा असतो. वायरचा हेडफोन लावा. गाताना बफर, म्हणजे सॉफ्टवेअर एका घासाला उचलतं तेवढी सॅम्पल (आवाजाची मापं), 128 वर ठेवा, सेकंदाला 48 हजार मापांच्या सॅम्पल रेटला तो तीन मिलिसेकंदांच्या आत येतो; 1024 ला 21 होतात. आधी गायलेलं पुन्हा गाऊ नका. फरक तेवढाच आहे म्हणता, तर एकदा मोजून सगळ्या टेक तेवढ्याच पुढं सरकवा.

प्रश्न (गडहिंग्लज) : स्टुडिओतून आणलेलं गाणं व्हिडिओवर टाकलं की घाईत पळतं आणि गायिका लहान मुलीसारखी वाटते.

उत्तर : 44.1 हजार सॅम्पल रेटची फाइल तुमचं सॉफ्टवेअर 48 हजारची समजून वाजवतंय. पाच मिनिटांचं गाणं 4 मिनिटं 36 सेकंदांत उरकतं आणि काळी एकचं गाणं पांढरी दोन नि काळी दोनच्या फटीत जाऊन बसतं. तिथं पेटीवर बोटही ठेवता येत नाही. प्रोजेक्ट 48 चं करा, फाइल आत घेताना ‘रूपांतर करा’ म्हणा. ताणून जुळवत बसू नका.

प्रश्न (इचलकरंजी) : लघुपटाला संगीत देतोय. माझ्याकडं दार आपटतं तिथंच ढोल पडतो. एडिटरकडं गेलं की किंचित उशिरा. एमपीथ्री पाठवतो.

उत्तर : तिथंच माशी शिंकली. एमपीथ्री बनताना सुरुवातीला बारीकशी शांतता घुसते, बऱ्याचदा 25 मिलिसेकंदांच्या आसपास. 48 हजार, 24 बिटची वेव्ह फाइल पाठवा. एडिटरचा फ्रेमरेट विचारून घ्या आणि तोच तुमच्या प्रोजेक्टला लावा. चित्राच्या पहिल्या फ्रेमआधी बरोबर दोन सेकंदांवर एक फ्रेम लांबीची ‘टूं’ ठेवा. 25 फ्रेमच्या चित्रात ती 1920 सॅम्पलची होते. एडिटरनं ती ‘टूं’ चित्राआधीच्या उलट मोजणीतल्या दोनच्या आकड्यावर बसवली की ढोल कुठं पडणार, हे फोनवर विचारावं लागत नाही. एवढं करूनही उशीर राहिलाच, तर त्याच्या स्पीकरला वायर आहे का तेवढं बघून या.