पहिल्याच बैठकीत हात मिळवू नका

प्रश्न : शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीची शेजारच्या पेठेतल्या संघाशी फुटबॉल मॅच झाली. पेनल्टीवरून बाचाबाची, बाहेर दगडफेक, दोन मोटारसायकली फुटल्या. आता पोरं स्टेटस टाकून एकमेकांना डिवचतात. पुढची मॅच तीन आठवड्यांवर आहे. बैठक कशी घ्यावी?
– तालमीचा कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर : पेठांची ईर्षा पिढ्यांची आहे, ती घालवायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या मॅचला कुणाच्या हातात दगड येऊ नये, एवढंच साधायचं आहे.

सगळ्यांना लगेच एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची बैठक होते. म्हणून पहिला आठवडा दोन्हीकडे वेगवेगळं बोला. बोलणारी माणसं दोन, दोन्ही पेठांत उठबस असलेली : जुना खेळाडू, निवृत्त शिक्षिका. निवडणुकीला उभं राहणारं कुणी नको. समेटाचं श्रेय कुणाला, यावरून नवं भांडण लागतं. विचारायचं एवढंच : काय झालं, काय लागलं, पुढच्या मॅचआधी काय हवं? पुष्कळदा पेनल्टी बाजूलाच राहते आणि ‘पोरगं दवाखान्यात होतं, त्यांच्यातलं एक माणूस बघायला आलं नाही’ हे बाहेर पडतं.

मग एकत्र बैठक. प्रत्येकी सहाजण, त्यांत दोघं स्टेटस टाकणारेच हवेत. त्यांना वगळून थोरांनी गळाभेट घेतली तर रात्रीपर्यंत पहिलं स्टेटस पडतं. जागा दोघांच्याही तालमीबाहेरची, शाळेचा वर्ग चालेल. सतरंजीवर मिसळून बसा. माईक, हार, फोटो नको आणि ‘शाहूंच्या नगरीत’ने सुरू होणारं भाषण तर नकोच. एकानं पाच मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी तोडायचं नाही. मग समोरच्यानं काय ऐकलं ते सांगायचं आणि ‘हां, हेच म्हणालो’ असं उत्तर आल्यावरच स्वतःचं मांडायचं. पोरं हसतील, हसू द्या.

शेवटी एक पान लिहा. ‘शांतता राखू’ हे वाक्य कुचकामी. ते मोडलं की पाळलं, हेच कळत नाही. कोणते समर्थक कोणत्या रस्त्यानं येणार-जाणार, प्रत्येकी दहा स्वयंसेवक कोण, गाड्यांचा खर्च कोण कधी देणार, स्टेटस आज किती वाजेपर्यंत काढणार, हे लिहा. दोन्हीकडचे दोन-दोन फोन नंबर घाला : काही कानावर आलं तर आधी तिथं फोन, पंधरा मिनिटं थांबायचं, मगच पुढं. एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, म्हणजे बंदोबस्त त्याच रस्त्यांवर लागेल. तांबडा-पांढरा सह्या झाल्यावर. आधी जेवण ठेवलं की कागद राहतो.

गुन्हा दाखल असेल तर सावध राहा. आपसांत मिटवता येणारे गुन्हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये दिले आहेत. साध्या दुखापतीचा त्यात आहे, दंगलीचा नाही. तक्रार मागं घ्या म्हणून जखमी पोराच्या घरी कुणी जायचं नाही.

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचा भावकीत बांधावरून वाद आहे. तंटामुक्त समितीकडं जावं का?

उत्तर : जा, पण आधी हद्द कायम मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात करा. खुणा दाखवल्याशिवाय बसलात तर ज्याची आठवण पक्की त्याचा बांध होतो. दावा कोर्टात असेल तर लोकअदालत बरी : तिच्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही आणि भरलेलं कोर्ट शुल्क परत मिळतं.