दुधाच्या हिशोबाशेजारी भाकरी

"मॅडम, एखादं सोपं ॲप सांगा की. जेवण लिहून ठेवायचंय, पण माझ्याच्यानं होत न्हाई." सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीत आहारसल्ल्यासाठी येणाऱ्यांकडून हे मी सारखं ऐकते. कुणाला ॲप नको असतं, वही हवी असते, पण अडचण तीच.

त्या दिवशी समोर बसलेल्या ताई चव्वेचाळीस वर्षांच्या, अक्कलकोट रोडकडे राहणाऱ्या. घरात सहा माणसं, स्वयंपाक यांच्याच हातचा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.2, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मुलानं फोनमध्ये ॲप टाकून दिलं होतं, ते नऊ दिवस चाललं. मग वही आली, ती देवघरातल्या पुस्तकांखाली गेली. त्यानंतर मी दिलेला छापील तक्ता, सात रकान्यांचा. तो भरून परत आलाच नाही, आणि त्यात दोष माझा होता. पिठाच्या हातांनी सात रकाने कोण भरणार?

ॲपमधले नऊ दिवस मी उघडून बघितले. कडक भाकरीसाठी त्यांनी यादीतली साधी भाकरी निवडली होती आणि वजन घातलं होतं कडक भाकरीचं. कडक भाकरीतलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे ती वजनाला हलकी भरते, पण पीठ तेवढंच. वजनावरून मोजलं की आकडा फसवा येतो. म्हणून मी पिठावरून मोजायला सांगते. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 335 कॅलरी, म्हणजे 50 ग्रॅम पिठाची भाकरी ओली असो की कडक, 165 ते 170.

चटणीचा घोळ याहून मोठा. यादीत नुसतं 'चटणी' म्हणून जे होतं ते कोथिंबिरीच्या हिरव्या चटणीसारखं काहीतरी असावं, आकडा नगण्य. आपली शेंगाचटणी म्हणजे कुटलेले शेंगदाणे. दोन्ही जेवणांत मिळून 25-30 ग्रॅम गेली तरी दीडशेच्या आसपास कॅलरी होतात. शेंगदाणे वाईट नाहीत, सोलापुरात राहून तसं म्हणायची माझी हिंमतही नाही. पण पानात पडतात ते लिहायला नकोत का?

चहा तर कुठंच नव्हता. "अर्धाच कप असतोय वो, तो काय लिहायचा?" असे अर्धे चार, प्रत्येकात दीड चमचा साखर. दिवसाला सहा चमचे, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम, 120 कॅलरी. दूध वेगळं.

मग मी विचारलं, "ताई, घरातला दुसरा कुठला हिशोब तुम्ही न चुकता लिहिता?"

"दुधाचा. गॅसशेजारी कॅलेंडर हाय, त्यावर."

ॲपवरची चर्चा तिथंच संपली. त्याच चौकोनात, दुधाच्या आकड्याखाली, पेन्सिलीनं लिहायचं ठरलं: भाकरीचा आकडा, चटणीचे चमचे, प्रत्येक चहाला एक उभी रेघ. भाजीचं, वरणाचं काही नाही. कॅलरी लिहायची नाही, ती मी काढेन. दर रविवारी पानाचा फोटो मला पाठवायचा. आणि तेलाचा डबा फोडला की त्या तारखेला गोल करायचा.

तेलाचा हा उपाय मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण फोडणीतलं तेल कुणीच मोजत नाही. त्यांचा पाच लिटरचा डबा 24 दिवसांत संपला. सहा माणसांत वाटलं तर माणशी रोज 31-32 ग्रॅम, म्हणजे 280 कॅलरी, आणि नऊ दिवसांच्या ॲपमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. ही सरासरी आहे, ताईंच्या पोटात नेमकं किती गेलं ते यातून कळत नाही. पण कुठं हात आखडायचा ते कळलं.

अशी अंदाजपंचे नोंद सगळ्यांना चालत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी काय आणि कसं मोजायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि एकोणीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती, दिवसाला 900 कॅलरींच्या वर गेलं की रात्री झोप न येणारी. तिच्या फोनमधलं ॲप मी समोर बसून काढायला लावलं आणि तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ज्यांना आकडा छळतो त्यांना मी आकडा देत नाही.

ताईंच्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं म्हणे, "दुधाच्या खाली ह्या रेघा कसल्या गं? कुणाची उधारी?" ताईंनी सांगितलं, "माझीच."

जानेवारीचं पान आलं त्यात गड्ड्याच्या जत्रेचे चार दिवस कोरे होते. पाचव्या चौकोनात लिहिलं होतं, 'भजी, मोजली न्हाईत', आणि खाली चहाच्या दोन रेघा. तेलाचा गोल 31 दिवसांनी पुढच्या पानावर गेला होता.