द व्हाइट स्ट्राइप्सचे लाइव्ह शो एवढे का गाजले? मेग व्हाइटला खरंच ड्रम वाजवता येत नव्हते का?

तुम्ही विचारलंय की द व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन रॉक बँडमध्ये माणसं दोनच, गाणारा-गिटारवाला जॅक व्हाइट आणि ड्रमवर मेग, खालचे जाड सूर देणारी बास गिटार नाही, ड्रम वाजवणारीला नीट वाजवता येत नव्हतं असं लोक म्हणतात, मग प्रसिद्धीच्या काळात यांच्या कार्यक्रमांचा एवढा बोलबाला कसा झाला? मी मेगपासूनच सुरुवात करतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या वाजवण्यातच आहे.

मी लहानपणापासून भजनाला तबला वाजवत आलोय. सोळा-सतराव्या वर्षी हात तयार झाला होता आणि दिसेल त्या रिकाम्या जागेत तिरकिट भरायची सवय लागली होती. एका एकादशीला आमच्या बुवांनी अभंग मध्येच थांबवला आणि शांतपणे सांगितलं की जागा सोड, तिथे मला गायचंय. त्या रात्री मी पहिल्यांदा नुसता ठेका धरला, आणि बुवा कुठे कुठे फिरून समेवर येतात ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. बऱ्याच वर्षांनी मेग व्हाइटला वाजवताना पाहिलं तेव्हा मला तीच रात्र आठवली.

मेग पहिल्यांदा ड्रमवर बसली ती १९९७ साली, डेट्रॉइटमध्ये, आणि तेही जॅक व्हाइटच्या ड्रमसेटवर. जॅक मुळात ड्रमर. आधीच्या एका बँडमध्ये तो ड्रमच वाजवायचा आणि पोटापाण्यासाठी सोफे-खुर्च्यांची गादीकामं करायचा. दोघांचं लग्न १९९६ साली झालं आणि २००० साली घटस्फोट झाला. लोकांना मात्र ते आपण भाऊ-बहीण आहोत असंच सांगत राहिले. म्हणजे ज्याला भरगच्च ड्रम वाजवता येत होते, त्याने स्वतः गिटार घेतली आणि नवशिक्या मेगचा तो साधा, लहान मुलाच्या हातासारखा ठेका जाणूनबुजून जपला. तिला शिकवून 'सुधारायच्या' भानगडीत तो पडला नाही. हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

त्यांचे सुरुवातीचे कार्यक्रम झाले ते डेट्रॉइटच्या कॅस अॅव्हेन्यूवरच्या 'गोल्ड डॉलर' नावाच्या छोट्या बारमध्ये. बासशिवाय वाजवणं त्या शहराला नवीन नव्हतं. 'द गोरीज' हा तिथलाच बँड त्यांच्या आधी दोन गिटार आणि ड्रम एवढ्यावरच वाजवत होता. नुसती एक गिटार आणि ड्रम असा 'फ्लॅट डुओ जेट्स' हा नॉर्थ कॅरोलिनाचा बँडही जॅकच्या फार आवडीचा. पण या सगळ्याचं मूळ आणखी मागे जातं, मिसिसिपीच्या सन हाउस या जुन्या ब्लूज गायकापर्यंत. एक माणूस, एक गिटार, कधी नुसत्या टाळ्या आणि आवाज. १९९९ साली आलेला व्हाइट स्ट्राइप्सचा पहिला अल्बम सन हाउसलाच अर्पण केलेला आहे.

आता बास नसल्याने स्टेजवर नक्की काय होतं ते बघा. चार-पाच जणांच्या बँडमध्ये गिटारवाला थांबला तरी खाली बास चालू असते, गाण्याला जमीन असते. इथे जॅकने हात उचलला की खाली काहीच उरत नाही, फक्त ड्रम, नाहीतर शांतता. त्यामुळे प्रत्येक थांबणं कानावर आदळतं आणि पुन्हा सुरू झालं की भिंत कोसळल्यासारखं वाटतं. खालचे सूर हवे असतील तेव्हा तो व्हॅमी पेडल, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारं पायाखालचं यंत्र, दाबून गिटार एक सप्तक खाली उतरवायचा. त्याची लाल एअरलाइन गिटार १९६४ सालची, फायबरग्लासची, एकेकाळी माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानांत विकली जाणारी स्वस्तातली वस्तू. ती सुरात राहायला त्रास देते, आणि त्याला तो त्रास हवाच होता. ऑर्गन मुद्दाम चार पावलं लांब ठेवायचा म्हणजे गाण्याच्या मध्ये धावत जावं लागेल, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. गाण्यांची यादी ते आधी ठरवायचे नाहीत. पुढचं गाणं कोणतं हे मेगला त्याच क्षणी कळायचं, त्याने छेडलेल्या पहिल्या दोन-चार सुरांवरून.

हे वाचून साथीला बसणाऱ्या कोणालाही घाम फुटेल. यादी नाही, लय केव्हाही दुप्पट होणार, गाणं अर्ध्यात सोडून दुसरं सुरू होणार, आणि चूक झाकायला तिसरा माणूस स्टेजवर नाही. मेग हे रोज रात्री करत होती. त्यांच्या चित्रीकरणांत तिची नजर सतत जॅककडे असते. तिच्या ड्रमसेटजवळ आणखी एक माइक लावलेला असायचा आणि जॅक अनेकदा प्रेक्षकांना सोडून तिच्यासमोर उभा राहून गायचा. आपल्याकडे तबलजी आणि गवई एकमेकांकडे पाहून सम साधतात, तसंच हे. मोठे रोल आणि गुंतागुंतीच्या फिल (आपल्या तिरकिटासारख्या भरीच्या जागा) भरणारा ड्रमर असता तर जॅकला इतकं भरकटता आलं नसतं. म्हणून 'तिला वाजवता येत नव्हतं' हे मला पटत नाही. तिच्या हातात तयारी कमी होती हे खरं. पण साथ ही वेगळी विद्या आहे, आणि ती तिला येत होती.

आता प्रसिद्धीचा काळ. १९९९ मध्ये ते 'पेव्हमेंट' आणि २००० मध्ये 'स्लीटर-किनी' या बँडच्या आधी वाजवत अमेरिका फिरले. खरी ठिणगी पडली २००१ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमध्ये. तिसरा अल्बम नुकताच आला होता आणि लंडनच्या लहान क्लबांत त्यांचे कार्यक्रम लागले होते. जॉन पील या बीबीसीच्या जुन्याजाणत्या निवेदकाने त्यांना रेडिओवर बोलावलं, वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, आणि बघता बघता त्या क्लबांची तिकिटं मिळेनाशी झाली. हे सगळं दोन माणसं, तीन रंग (लाल, पांढरा, काळा) आणि गिटार-ड्रम-आवाज या तीन गोष्टींवर उभं होतं.

त्यानंतर जागा झपाट्याने वाढत गेल्या. १ ऑक्टोबर २००२ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये उघड्यावर, फुकट कार्यक्रम केला. त्याच सुमारास रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवायला उभे राहिले. एप्रिल २००३ मध्ये कोनन ओब्रायनच्या टीव्ही कार्यक्रमात सलग चार रात्री वाजवलं. मला कौतुक याचं वाटतं की इतक्या मोठ्या जागी जाऊनही त्यांनी तिसरा माणूस घेतला नाही. मागे लपून कीबोर्ड वाजवणारा कोणी नाही, आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला ट्रॅक नाही. त्या काळात किती बँडनी हा मोह टाळला असता?

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध धूनही कार्यक्रमाच्या तयारीतच सापडली. जानेवारी २००२ मध्ये मेलबर्नच्या कॉर्नर हॉटेलमध्ये साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) चालू असताना जॅकने ती छेडली. पुढे तिचं 'सेव्हन नेशन आर्मी' झालं. फुटबॉल पाहत असाल तर शब्दांशिवाय हजारो लोकांच्या तोंडी ती नक्की ऐकली असेल. ऑक्टोबर २००३ मध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुगचे पाठीराखे मिलानला सामन्यासाठी गेले होते, तिथून ती पसरली आणि २००६ च्या विश्वचषकात इटलीवाल्यांनी आपलीशी केली. त्या गाण्यात मेग काय वाजवते ते एकदा लक्ष देऊन ऐका. छातीच्या ठोक्यासारखा एकसारखा आघात, बस. स्टेडियममधले लोक तोच ठोका पायांनी आणि टाळ्यांनी धरतात. त्यापेक्षा अवघड काही असतं तर तो त्यांना धरता आला असता का?

मी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. २००७ मध्ये मेगच्या तीव्र चिंतेच्या त्रासामुळे पुढचे कार्यक्रम रद्द झाले आणि २०११ मध्ये बँड अधिकृतपणे संपला. पण जानेवारी २००४ मध्ये ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये झालेले त्यांचे कार्यक्रम सुपर ८ या जुन्या, अरुंद फिल्मवर चित्रित केलेले आहेत, त्यामुळे चित्र दाणेदार आणि थोडं अंधारं दिसतं. त्यात जॅक 'जोलीन' गातो, डॉली पार्टनचं गाणं. एक बाई दुसऱ्या बाईला विनवते आहे की माझा माणूस नेऊ नकोस. जॅक ते बाईच्याच तोंडून गातो आणि शेवटी शेवटी तर किंचाळतो. आपल्याकडे गवळण पुरुषांनी गायची केवढी जुनी रीत आहे, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट तो आर्जवाचा सूर ओळखीचा वाटला.

तुम्ही मात्र सुरुवात त्याच चित्रीकरणातल्या 'डेथ लेटर'पासून करा. सन हाउसचंच गाणं आहे. पहिल्यांदा जॅककडे बघाल, ते साहजिक आहे. मग पुन्हा लावा, हेडफोन घाला, आणि या वेळी लय बदलते तेव्हा फक्त मेगचे हात बघा.