चिंध्या कोरड्या असतील तरच

जुन्या कपड्यांविषयी दर महिन्याला पत्रे येतात आणि गोंधळ तोच असतो. म्हणून या वेळी पाच प्रश्न एकदम घेते.

प्रश्न : फाटके कपडे ओल्या कचऱ्यात टाकायचे की सुक्या?

सुक्या. धुऊन, वाळवून, वेगळ्या पिशवीत.

प्रश्न : सुती कापड कुजतेच, मग सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात टाकले तर चालेल, असे ऐकले. खरे का?

ऐकीव गोष्टींवर खड्डा चालवू नका. कापड सुती असले तरी शिलाईचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो. शिवाय इलॅस्टिक, बटणे, रंग हे सगळे खतात उतरते. खत भाजीपाल्याला घालणार असाल तर आधी कृषी विभागाच्या माणसाला विचारा.

प्रश्न : दुकानदार जुने कपडे घेऊन नव्या खरेदीवर कूपन देतात. द्यावेत का?

कपडे पुढे कुठे जातात, हे लेखी मागा. उत्तर मिळाले नाही तर ती फक्त नव्या विक्रीची युक्ती समजा. एक शर्ट देऊन तीन आणले, तर कचरा वाढला.

प्रश्न : आमची नगरपरिषद चौकाचौकात पेट्या ठेवून कापडाचा धागा करणारे यंत्र घेणार आहे. नगरसेवक म्हणून मी पाठिंबा द्यावा का?

आत्ता तरी नाही. आधी विचारा, पेटी कोण आणि किती दिवसांनी रिकामी करणार?

ऑगस्टमध्ये एका गावात अशी पेटी उघडताना मी उभी होते. वर चांगल्या साड्या, खाली ओला टॉवेल, त्याखाली खरकट्याची पिशवी. तीन आठवडे कुणी हात लावला नव्हता. बुरशीचा वास साड्यांनाही लागलेला. सगळा माल डेपोवर गेला, आणि कार्यालयात मात्र त्याची नोंद 'संकलित' अशीच झाली. त्याचा मला आजही राग येतो.

पानिपतच्या गिरण्या जुन्या लोकरीपासून धागा काढतात. तिथे कपडे आधी रंगांप्रमाणे हातांनी निवडतात, म्हणजे पुन्हा रंगवावे लागत नाहीत. बटणे, चेन, अस्तर काढतात, मग यंत्र. फाडताना तंतू आखूड होतात, म्हणून धाग्याला ताकद यावी यासाठी बऱ्याचदा दुसरे तंतू मिसळावे लागतात. सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाचे दोन भाग वेगळे करायला रसायने लागतात. ते नगरपरिषदेच्या शेडमधले काम नव्हे. निवड न करता यंत्र आणाल तर ते गंजेल.

निवड येते कुणाला? भांडी देऊन कपडे घेणाऱ्या बोहारणीला. ती साडीचा काठ चिमटीत चोळते आणि सुती की पॉलिस्टर, सांगते. शंका आलीच तर दोरा पेटवून पाहायचा : सुती दोऱ्याची राख होते, जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला स्थानिक संस्थांना सांगितले होते. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, तिच्याशी बोला. घंटागाडीवर आठवड्यातला एक दिवस फक्त कापडाचा ठेवा, छप्पर असलेली जागा आणि निवडणाऱ्या बायकांना ठरलेली मजुरी द्या. सहा महिने वजने लिहा : किती पुन्हा वापरता आले, किती चिंध्या निघाल्या, किती वाया गेले. ते आकडे घेऊन तज्ज्ञाला दाखवा, तेव्हाच यंत्राची निविदा काढायची की नाही ते ठरेल. पैशांचे म्हणाल, तर फ्रान्समध्ये २००७ पासून कपडे बाजारात आणणाऱ्यांकडूनच या कामासाठी वर्गणी घेण्याचा कायदा आहे. आपल्या खासदारांना ते सांगा.

प्रश्न : माझे शिवणकामाचे दुकान आहे. कातरणांचे काय करू?

ती सर्वांत चांगला माल आहे : कोरी, कोरडी. सुती वेगळी, बाकी वेगळी पोती करा. गोधडी शिवणाऱ्या बायका किंवा चिंधीवाला नेईल. गॅरेजमध्ये तेल पुसलेल्या चिंध्या मात्र त्यात मिसळू देऊ नका; त्यांच्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा. आणि पोती पावसाआधी उचलायला लावा.